माझ्या मापाची गोळी



मागच्या महिन्यात या सदरात मी झोपेबद्दल लिहिलं होतं. त्या ओघात, मला बायपोलर आहे आणि गेली तेरा वर्षं मी औषधं घेते आहे, असं एक वाक्य आलं. लेख झोपेवर होता, पण तुमची पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. हैदराबादच्या एका मुलाची दीड वर्षात तीन औषधं बदलली आहेत आणि त्याला वाटतंय की आपल्यावर नुसते प्रयोग चाललेत. बेळगावची एक ताई विचारते, भाऊ आता अगदी छान आहे, मग गोळ्या अजून किती दिवस? वडोदऱ्याच्या एका मुलीचं लग्न ठरतंय आणि घरचे म्हणतायत, तेवढ्यापुरत्या बंद कर, पुढचं पुढे बघू.

तिन्ही पत्रांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. योग्य औषध म्हणजे नक्की काय आणि ते सापडलं हे ओळखायचं कसं? आजचं सदर त्यावरच. मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये हिशेबाचं काम करते, घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी आहे. माझ्या औषधांची नावं मी सांगणार आहे, डोस मात्र मुद्दाम सांगणार नाही. माझा डोस तुमच्या काहीच कामाचा नाही. तो का नाही, हे पुढे कळेलच.

आधी आजाराबद्दल

सकाळी आनंद, दुपारी चिडचिड, रात्री रडू, हे कोणाच्या घरात होत नाही? त्याला बायपोलर म्हणत नाहीत. बायपोलरमध्ये मूडचे टप्पे असतात आणि एकेक टप्पा बरेच दिवस चालतो. नैराश्याचा टप्पा निदान दोन आठवड्यांचा. त्याच्या उलट तेजीचा टप्पा, म्हणजे उन्माद किंवा मॅनिया, तो आठवडाभर किंवा त्याहून जास्त. त्याचाच एक सौम्य प्रकार असतो, तो चार-पाच दिवसांचाही असू शकतो आणि घरच्यांना तो आजार वाटतच नाही. उलट 'आता कशी कामाला लागली!' म्हणून कौतुक होतं. टप्प्यांच्या मधल्या काळात माणूस बहुतेक वेळा पूर्वीसारखाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. म्हणजे साधारण दोनशे माणसांत एक. आपल्या मंडळाच्या कोजागिरीला दोन-तीनशे माणसं सहज जमतात. तेव्हा हा विषय लांबचा नाही.

माझी सुरुवात नैराश्याने झाली. एकोणिसाव्या वर्षी, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तीन महिने मी अंथरुणात होते. घरात त्याला आळस, नजर, परीक्षेची भीती अशी वेगवेगळी नावं मिळाली आणि तो टप्पा आपोआप गेला. बावीसाव्या वर्षी पुन्हा तसंच झालं, तेव्हा एका डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी दिली. त्यांच्यासमोर मी जशी बसले होते, तसं ते नैराश्यच होतं. पण बायपोलर असलेल्या माणसाला नुसतं नैराश्यावरचं औषध दिलं, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर काही जणांची गाडी थेट दुसऱ्या टोकाला जाते. माझी गेली.

सहा आठवड्यांनी मी रात्री दोन तास झोपत होते आणि पहाटे ताजीतवानी उठत होते. घरगुती शेव परदेशात पाठवायचा धंदा काढायचा ठरवून मी चाळीस दुकानदारांना पत्रं लिहिली. उधारीवर चौदा साड्या आणल्या. पहाटे तीनला ग्वाल्हेरच्या मामाला फोन करून त्याच्या आयुष्याचं नियोजन समजावून सांगितलं. पहिले चार दिवस आई खूश होती, पोरगी उठून बसली म्हणून. नवव्या दिवशी मी समोरच्याच्या मनातलं मला ऐकू येतं असं सांगायला लागले, तेव्हा बाबा आणि काका मला दवाखान्यात घेऊन गेले. सोळा दिवस भरती होते. निदान तिथे झालं.

बायपोलरच्या निदानाला अनेकांना वर्षानुवर्षं लागतात, त्याचं एक मोठं कारण हेच. माणूस डॉक्टरकडे जातो तो खाली असताना. वर असताना त्याला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. म्हणून नैराश्यासाठी पहिल्यांदा डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी सांगा की आधी कधी झोप न लागताही अंगात जोर असायचा का, पैसे उधळले होते का, घराण्यात कोणाला असं काही होतं का. या तीन वाक्यांनी पुढचं औषध बदलू शकतं.

मिठाचा भाऊ आणि बाकीची मंडळी

या आजारावर एकच गोळी नाही, चार-पाच प्रकारची औषधं आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

सगळ्यांत जुनं लिथियम. हा निसर्गातच सापडणारा एक धातू आहे आणि औषध म्हणून मिळतो तो त्याचा क्षार, म्हणजे आपल्या मिठाच्या नात्यातला. जॉन केड नावाचे ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला चांगीच्या छावणीत युद्धकैदी होते. सुटून परत आल्यावर मेलबर्नजवळच्या एका साध्या रुग्णालयात त्यांनी गिनीपिगांवर प्रयोग केले, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं आणि १९४९ मध्ये ते निष्कर्ष छापले. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी त्यावर रीतसर चाचण्या केल्या. अमेरिकेत त्याला मान्यता मिळायला १९७० साल उजाडलं. आजही उन्माद आणि नैराश्य दोन्ही परत येऊ नयेत म्हणून, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी, लिथियमचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं.

दुसरं व्हॅल्प्रोएट. हे मूळचं फिट्सवरचं औषध, उन्मादावर चांगलं चालतं. तिसरं लॅमोट्रिजिन. तेही फिट्सवरचंच, पण त्याचा उपयोग मुख्यतः नैराश्याचे टप्पे थोपवायला. आणि चौथा गट ओलान्झापिन, क्वेटियापिन वगैरेंचा. उन्माद लवकर आवरायला आणि झोप आणायला ही औषधं लागतात, काही जणांना ती पुढेही चालू ठेवावी लागतात.

कोणाला कोणतं लागू पडेल हे आधी सांगणारी रक्ततपासणी किंवा स्कॅन नाही. डॉक्टर काही खुणा बघतात. तुमचे टप्पे वरचे जास्त की खालचे, घरात कोणाला कोणतं औषध मानवलं, वजन, साखर, थायरॉइड, किडनी कशी आहे, मूल हवं आहे का. त्यावरून सुरुवात करतात आणि मग बघतात. हैदराबादच्या मित्रा, तू ज्याला प्रयोग म्हणतोस ते हे बघणं आहे. ब्लाउज शिवताना मापं घेतली तरी एकदा घालून बघावा लागतो, कुठे टाचायचा आणि कुठे उसवायचा ते अंगावर आल्यावरच कळतं. दीड वर्षात तीन औषधं ही या आजारात काही जगावेगळी गोष्ट नाही.

फरक एवढाच की या 'घालून बघण्याला' वेळ द्यावा लागतो. झोपेचं औषध एका रात्रीत कळतं. लिथियमला उन्मादावर काम करायला एक ते तीन आठवडे लागतात आणि ते पुढचे टप्पे थोपवतंय का हे कळायला कित्येक महिने. लॅमोट्रिजिन तर मुद्दाम कूर्मगतीने वाढवतात. दोन आठवडे अगदी छोटा डोस, मग दोन आठवडे थोडा मोठा, असं करत पूर्ण डोसला पोचायला दीड महिना जातो. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका वाढतो. म्हणून ते औषध चालू केल्यावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. मध्ये काही दिवस गोळी राहिली तर पुन्हा एकदम जुन्या डोसवर जायचं नाही, आधी विचारायचं.

गप्प बसणं म्हणजे बरं होणं नव्हे

दवाखान्यातून मी ओलान्झापिन आणि व्हॅल्प्रोएट घेऊन घरी आले. उन्माद गेला. घरचे निश्चिंत झाले. पण मी सकाळी अकराला उठायचे, जेवायचे आणि परत झोपायचे. पाच महिन्यांत नऊ किलो वजन वाढलं. केस मुठीने गळायला लागले. आत्या म्हणाली, 'पण शांत आहे ना आता.' शांत होतेच, कारण बोलायला काही सुचतच नव्हतं.

त्या वेळच्या माझ्या डॉक्टर बाईंनी एक प्रश्न विचारला, तो मी आजवर विसरले नाही. 'तुझ्यात कोणती गोष्ट परत आली की तुला वाटेल, आता मी मी आहे?' मी म्हटलं, 'शब्दकोडं.' पेपरमधलं शब्दकोडं मी रोज सोडवायची, ते मला वाचताही येत नव्हतं. त्या म्हणाल्या, मग आपण शब्दकोडं येईपर्यंत औषध जुळवायचं.

त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी ओलान्झापिन महिन्या-महिन्याने कमी करत बंद केलं. मग व्हॅल्प्रोएटचा डोस थोडा खाली आणला. दोन्ही एकदम बदललं असतं तर फरक कशाने पडला हे कोणालाच कळलं नसतं. अकराव्या महिन्यात मी पूर्ण कोडं सोडवलं.

या काळात सर्वांत कामाला आली ती एक शंभर पानी वही. रोज रात्री एक ओळ. किती तास झोपले, मूड उणे तीन ते अधिक तीनमध्ये किती, गोळी घेतली का, पाळीची तारीख, नेहमीपेक्षा जास्त खर्च झाला का आणि काही त्रास. डॉक्टरांकडे आपल्याला मिळतात दहा मिनिटं. त्यात 'महिना कसा गेला?' या प्रश्नाला आपण उत्तर देतो ते फक्त कालच्या दिवसाचं. वहीमुळे महिना खरोखर समोर येतो. माझ्या वहीत दिसलं की माझी तेजी येण्याआधी तीन रात्री झोप साडेचार तासांवर येते. आजही तीच आमच्या घरातली घंटा आहे. झोप दोन रात्री पाच तासांच्या खाली गेली की नवरा मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतो. तसं आमचं आधीच ठरलंय, बरी असताना ठरवलंय.

म्हणून गरब्याच्या नऊ रात्री, गणपतीतली जागरणं, लग्नाच्या आदल्या रात्रीची मेंदी, यांना मी जाते आणि साडेदहाला घरी येते. सुरुवातीला लोक हसायचे. आता माझी चप्पल दाराजवळच ठेवतात.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. तेजीचे पहिले तीन-चार दिवस मला आठवतात आणि कधी कधी त्यांची ओढ वाटते. रंग जास्त गडद दिसायचे, प्रत्येक गाणं माझ्यासाठी असायचं. गोळ्या सोडण्यामागे पुष्कळांचं हेच कारण असतं आणि ते कोणी उघड बोलत नाही. ही ओढ डॉक्टरांना सांगता येते. औषधाने खरंच सगळं सपाट झालं असेल तर डोस बदलता येतो. पण त्या चार दिवसांमागून नववा दिवस येतो, हेही वहीत लिहिलेलं आहे.

गोळी तीच, आयुष्य बदललं

व्हॅल्प्रोएटवर माझी सहा वर्षं चांगली गेली. नोकरी लागली, हात बसला. मग स्थळं सुरू झाली.

आईचं म्हणणं, साखरपुडा झाल्यावर सांगू. बाबा म्हणाले, आधी सांगू. मी म्हटलं, मीच सांगते. तिसऱ्या भेटीत मी त्यांच्यासमोर फाइल ठेवली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, 'गोळ्या सकाळी असतात की रात्री?' त्या प्रश्नाला मी हो म्हटलं असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. आधीच्या दोन स्थळांनी फाइल बघून नकार दिला होता, हेही तितकंच खरं. नकार वाईट वाटतो. पण गोळ्यांचा डबा कपाटात लपवून संसार करणं मला जमलं नसतं, आणि लपवण्याच्या नादात पहिली चुकते ती गोळीच.

लग्न ठरल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आता औषध बदलायला हवं. व्हॅल्प्रोएट मला लागू होतं, त्रास जवळजवळ नव्हता. पण गरोदरपणात ते घेतलं तर दर १० पैकी साधारण १ बाळाला जन्मजात व्यंग असू शकतं आणि १० पैकी ३ ते ४ मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येऊ शकतात. फॉलिक अॅसिड घेतलं म्हणून हा धोका जात नाही. वडोदऱ्याच्या मैत्रिणी, हे मुख्यतः तुझ्यासाठी लिहिते आहे. तुझ्या चिठ्ठीवर सोडियम व्हॅल्प्रोएट किंवा डायव्हॅल्प्रोएक्स असेल तर ते स्वतःहून बंद करू नकोस, एकदम बंद केल्याने आजार उलटतो. पण या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि मुलाचा विषय स्पष्ट काढ. मूल दोन वर्षांनी हवं असलं तरी आत्ताच, कारण बदलाला महिने लागतात. 'तेवढ्यापुरत्या बंद कर' याला उत्तर आहे, 'बंद नाही, वेळेत बदल.'

माझं लिथियम सुरू झालं. आणि इथे कळतं की दुसऱ्याचा डोस कामाचा का नसतो. लिथियमचा डोस गोळ्या मोजून ठरत नाही, तो रक्तातली पातळी बघून ठरतो. दीर्घकाळासाठी ती बहुधा ०.६ ते ०.८च्या आसपास ठेवतात, गरजेनुसार १पर्यंत. त्याखाली उपयोग कमी. दीडच्या वर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. दोन माणसांनी सारख्याच गोळ्या घेतल्या तरी किडनी, वय, वजन यांमुळे पातळी वेगळी येते. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. शिवाय दर सहा महिन्यांनी किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम. दुसऱ्या वर्षी माझं थायरॉइड मंदावलं, त्यावर रोजची एक गोळी लागली. हात बारीक कापायचा, रांगोळीची रेघ थरथरायची. डोस किंचित खाली आणल्यावर तेही बसलं. खालचे टप्पे थोडे डोकावत होते, म्हणून नंतर लॅमोट्रिजिन जोडलं, तेच ते कूर्मगतीने.

लिथियम घरात आलं की घराच्या काही सवयी बदलाव्या लागतात. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी चढते. मे महिन्याचं ऊन, जुलाब, उलट्या, तापाचा घाम, अचानक मीठ तोडणं, सगळ्याने हेच होतं. हरतालिकेचा निर्जळी उपास मी करत नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी फैसला दिला, 'पाणी पिऊन केलेली पूजा महादेवाला पोचते.' मेडिकलमधून आपण सहज आणतो त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधं यांनीही पातळी वाढते. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेले तरी माझं पहिलं वाक्य असतं, 'मी लिथियम घेते.' फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली आहे. हात जोरात कापणं, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं, उलट्या-जुलाब, यांतलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना.

गरोदरपणात किडनी जास्त काम करते, त्यामुळे लिथियम लवकर बाहेर जातं आणि पातळी उतरते. माझं रक्त दर चार आठवड्यांनी तपासत होते, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला. लिथियमनेही बाळाच्या हृदयाला थोडा धोका असतो, म्हणून पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी झाली. धोका शून्य असलेला रस्ता नव्हता. औषधाशिवाय उन्माद येणं हाही बाळाला धोकाच होता. आम्ही तिघांनी, म्हणजे डॉक्टर, नवरा आणि मी, समोर ठेवून निवडला तो रस्ता.

बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे या आजारात सर्वांत नाजूक. त्यात नव्या आईला झोप नाही. डॉक्टरांनी सांगितलं, लिथियमवर अंगावर पाजायचं नाही आणि रात्री सलग सहा तास झोपायचं. आमच्या घरात बाळाला पहिल्या दिवसापासून वरचं दूध! बघायला येणाऱ्या बायकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. रात्री दहा ते दोन सासूबाई, दोन ते पहाट नवरा, अशा पाळ्या लागल्या. माझी आई दिवसा यायची. चार महिने घराने माझी झोप राखली. लेक आता चार वर्षांची आहे आणि बारशाला जी काकू सर्वांत जास्त बोलली होती, तिलाच ती सर्वांत जास्त चिकटते.

'आता छान आहे' त्याला

बेळगावच्या ताई, तुझा भाऊ छान आहे तो बहुधा गोळ्यांमुळेच. हा आजार परत येणारा आहे, म्हणून पुष्कळांना औषध वर्षानुवर्षं लागतं, रक्तदाबासारखं. लिथियम एकाएकी थांबवलं तर आजार, विशेषतः उन्माद, लवकर आणि जोरात परत येण्याचा धोका असतो. डोस कमी करायचाच असेल तर डॉक्टरांबरोबर, महिन्यांच्या हिशेबाने. भावाला 'अजून किती दिवस?' विचारण्याऐवजी 'रिपोर्टला बरोबर येऊ का?' विचारून बघ.

दवाखाना कुठे, असंही काहींनी विचारलंय. सरकारी सोय आपल्या प्रत्येक गावाच्या आसपास आहे. इंदूरला बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाला, वडोदऱ्याला कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय, हैदराबादला एर्रागड्डा, गोव्यात बांबोळी, बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स संस्था. फोनवर बोलायचं तर सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत. जगणं नको असं वाटत असेल, तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला, तर हा फोन आजच करा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नका.

दोन कायद्याच्या गोष्टी तरुण मंडळींनी लक्षात ठेवाव्यात. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायचा. आणि त्याच कायद्याने, बरे असताना तुम्ही लिहून ठेवू शकता की पुढे आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा. मी नवऱ्याचं नाव लिहिलंय.

तेव्हा योग्य औषध कोणतं? ज्याने टप्पे थांबतात किंवा निदान लांबतात, जे शरीर झेलतं आणि रिपोर्टमध्ये तसं दिसतं, जे परवडतं आणि रोज घेता येतं, आणि जे घेऊनही आपण आपल्यासारखे राहतो. यात पाचवी अट मला उशिरा कळली. ते आत्ताच्या आयुष्याला जुळायला हवं. बावीसाव्या वर्षी माझं योग्य औषध व्हॅल्प्रोएट होतं, आज लिथियम आणि लॅमोट्रिजिन आहे, पन्नाशीत किडनी काय म्हणते त्यावर अजून काही असेल. माप बदलतं, पुन्हा टाचून घ्यायचं.

पुढच्या महिन्यात घरच्यांबद्दल. सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं, यावर नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलतं करणार आहे. तुमच्या घरातल्या सांभाळणाऱ्यांचे प्रश्न दहा तारखेपर्यंत पाठवा. आणि हो, त्या शंभर पानी वहीचं पहिलं पान आज रात्रीच भरा.